अर्नोल्डच्या शेजारची जागा

माझं काम हरकत घ्यायचं. म्हणजे स्वतः घ्यायची नाही, लोकांना घ्यायला शिकवायचं. मेलबर्नच्या उत्तरेला, क्रेगीबर्नच्या आसपास ज्या नव्या वस्त्या उगवतायत, तिथल्या रहिवाशांच्या एका छोट्या संघटनेत मी नोकरी करते. दारोदार फिरते, पत्रकं लिहिते, मीटिंगा भरवते. सोलापूरला आई अजून विचारते, "भांडायला पगार देतात तुला?" देतात.

या दिवाळी अंकासाठी कामातले गमतीदार अनुभव मागितलेत. गमती आधीच सांगून टाकते, नंतर सांगाव्याशा वाटणार नाहीत.

आधी धंदा समजून घ्या. इथे कोणाला काही बांधायचं असेल, पाडायचं असेल, जमिनीचा वापर बदलायचा असेल, तर जागेच्या कुंपणावर नोटीस लावावी लागते. ती वाचून शेजाऱ्यांनी ठरावीक मुदतीत काउन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, हरकत कळवायची. बहुतेक लोक नोटीस वाचतच नाहीत. वाचतात ते तावातावाने लिहितात, आणि त्यांचं पत्र केराच्या टोपलीत जातं. म्हणून माझ्या पत्रकात मराठी, हिंदी, पंजाबी, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत एकच गोष्ट असते: रडू नका, परिणाम लिहा. ‘आम्हाला वाईट वाटतं’ याला किंमत नाही. ‘गाड्या वाढतील, मुलांना रस्ता ओलांडता येणार नाही’ याला आहे. आणि एकमेकांचं पत्र कॉपी करू नका. एकसारखी शंभर पत्रं म्हणजे त्यांच्या लेखी एकच पत्र.

या पत्रकावर आम्ही एक बसरूट मिळवलाय. एका शाळेपुढचं क्रॉसिंग मिळवलंय. आणि एक गुजराती आजी मिळवल्यात, ज्या ऑफिसात येऊन म्हणाल्या, की शेजारच्या आवारात खोली बांधतायत, हरकत घ्यायची आहे. कागद पाहिले तर आवार त्यांच्याच मुलाचं. मी म्हटलं, "बा, ही खोली तर तुमच्यासाठीच आहे." त्या म्हणाल्या, "म्हणूनच तर." आम्ही ती हरकत घेतली नाही. आजी आता त्या खोलीत राहतात. मागच्या दाराने जेवण येतं. संपल्या गमती.

इर्मा बसने आली होती. आम्हीच मिळवलेल्या बसने, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "उशिरा येते." उंच, हाडं दिसणारी, ऐंशीच्या पुढची बाई. अंगात पुरुषी जाकीट. खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागली.

"हरकत कशी घ्यायची ते तू शिकवतेस म्हणे. मला उलटं शिकव. काढायची कशी?"

तिच्या घराण्याची दफनभूमी आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिली असेल, फक्त काय पाहिलं ते कळलं नसेल. ज्या इस्टेटच्या, म्हणजे नव्या वसाहतीच्या, नावात ‘हेरिटेज’ शब्द आहे, तिच्या मधोमध झोक्यांच्या पलीकडे एक चौकोन आहे. भोवती गडगा. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. दगड आपल्याकडच्यासारखाच काळा, ज्वालामुखीचा. आत दोन म्हातारी सायप्रसची झाडं आणि थडग्यांच्या चार रांगा. प्रशियातून आपला पंथ सांभाळायला पळून आलेल्या शेतकऱ्यांनी हे केलं. चर्च लांब, रस्ते चिखलाचे, म्हणून आपली माणसं आपल्याच शेतात पुरली. दगडांवर जर्मन अक्षरं आहेत, ‘इथे विसावला आहे’ अशी सुरू होणारी. सगळ्यांचे पाय पूर्वेला. शेवटच्या दिवशी उठतील तेव्हा तोंड उजेडाकडे असावं म्हणून. (ही जमीन त्यांच्याही आधी कोणाची होती, आणि त्या लोकांची माणसं कुठे पुरलीत, यावर कोणी दगड लावलेला नाही. हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.)

शेत इर्माच्या नवऱ्याचं, अर्नोल्डचं. तो गेला तेव्हा भोवती फक्त गाई होत्या. त्याला तिथे ठेवलं आणि त्यांच्या रीतीप्रमाणे दगड दोघांचा मिळून केला. डावीकडे अर्नोल्ड, दोन्ही तारखा. उजवीकडे इर्मा, जन्मतारीख, एक आडवी रेघ, आणि पुढे कोरा दगड. पुढे दिरांनी शेत विकलं, घर पडलं, इस्टेट आली, दफनभूमी काउन्सिलकडे गेली. इर्मा शेजारच्या सबर्बमध्ये म्हाताऱ्यांसाठीच्या एका छोट्या घरात, इथल्या भाषेत युनिटमध्ये, राहायला गेली. किडन्या गेल्या होत्या. मशीनवर बसायला तिने नकार दिला होता, आणि डॉक्टरांच्या मते हिवाळा सरेपर्यंत ती टिकणार नव्हती. तिला फक्त दगडाच्या उजव्या बाजूला जायचं होतं. त्यासाठी परवानगी लागते. परवानगीसाठी नोटीस लागते. आणि नोटिशीवर हरकती आल्या होत्या. ढीगभर.

मी त्या मागवून घेतल्या आणि वाचल्या. माझ्या कुठल्याही मोहिमेत इतकी नीट लिहिलेली पत्रं आली नव्हती. पार्किंग. पाण्याचा निचरा. जड वाहनांमुळे झोक्यांवरच्या मुलांना धोका. लहान मुलांचं मानसिक स्वास्थ्य. एकही पत्र दुसऱ्यासारखं नाही. कोणीही रडलेलं नाही. सगळ्यांनी परिणाम लिहिले होते. खाली कुलकर्णी, पाटील, शाह, रेड्डी, ग्रेवाल. आणि सगळ्यांत मुद्देसूद पत्र हेमंतदाचं.

हेमंतदा म्हणजे आमचा पहिल्या नंबरचा कार्यकर्ता. पुण्याचा, आयटीतला, शाळेच्या क्रॉसिंगसाठी दोन शनिवार माझ्याबरोबर उन्हात उभा राहिलेला. त्याचे वडील इथे मुलाकडे आलेले असताना गेले, तेव्हा खाडीत अस्थी सोडायला बोट कुठे मिळते, कोणाला विचारावं लागतं, हे मीच शोधून दिलं होतं. त्याचं घर गडग्याच्या बरोबर समोर.

मी चहाला गेले. फोन करून नाही, तशीच. त्याची बायको वृषाली आलं किसत होती. मी कशाला आलेय ते तिला बघताक्षणी कळलं.

"तू आता आम्हाला कन्व्हिन्स करणार," ती म्हणाली.

"वृषाली, एक म्हातारी आहे. एक जागा आहे. जागेवर तिचं नाव कोरलेलं आहे. यात पार्किंग कुठून आलं?"

"पार्किंग तूच शिकवलंस," हेमंतदा म्हणाला.

"मग खरं काय ते सांग."

तो वृषालीकडे बघायला लागला. तिने किसणी खाली ठेवली. "खरं सांगू? सकाळी खिडकीचं ब्लाइंड वर केलं की समोर ते असतं. त्याची सवय झाली, कारण ती आता दगड झालीत. दीडशे वर्षांपूर्वीचं कोणी म्हणजे कोणीच नाही. पण ताजं माणूस नको गं. माझी पोरगी त्या खिडकीत बसून होमवर्क करते."

"अर्नोल्ड दीडशे वर्षांपूर्वीचा नाही."

"तो आम्ही यायच्या आधीचा आहे," हेमंतदा म्हणाला. "आणि घर घेताना आम्ही विचारलं होतं, केतकी. एजंट म्हणाला, बंद आहे, नवीन कोणी येणार नाही. आता एक आलं की दुसरं येईल."

"तिच्यानंतर कोणी नाही. मूलबाळ नाही. एक पुतण्या आहे, तो कॅथलिक बायको करून मोकळा झालाय, तो काही इथे यायचा नाही."

"हे लेखी देतील का?"

मग मी जे बोलले ते बोलायला नको होतं असं सगळे म्हणतात. मला अजून तसं वाटत नाही. मी म्हटलं, "तुझे बाबा गेले तेव्हा त्या खाडीवर ज्यांची घरं आहेत त्यांनी पार्किंगची हरकत घेतली असती तर?"

हेमंतदाचा चेहरा पडला. तो हळू म्हणाला, "बाबांना मी कोणाच्या दारात नाही ठेवलं. आपण माणूस ठेवत नाही. सोडून देतो. हे लोक ठेवतात. फरक आहे."

चहा झाला होता. मी तो प्यायले नाही. एवढा उद्धटपणा मी केला.

काउन्सिलने बोलावलेली मीटिंग कम्युनिटी सेंटरमध्ये झाली. इर्मा पुढच्या रांगेत, शेजारी पुतण्या क्लाइव्ह, मान लाल झालेला, टोपी मांडीवर. मागे सगळे आपले लोक. हे मुद्दाम लिहितेय. आपल्याला एखादा गोरा म्हणाला, की तुमच्या देवळाने ट्रॅफिक होतो, तर आपण वर्षभर त्याचं नाव विसरत नाही. त्या दिवशी आपण बहुमतात होतो, आणि बहुमतातले लोक जसे वागतात तसेच वागलो. अतिशय सभ्यपणे.

काउन्सिलचा अधिकारी म्हणाला, काही मधला मार्ग निघतो का बघू. तेव्हा हेमंतदा उठला. तो मनाने चांगला माणूस आहे आणि त्याला खरंच मार्ग काढायचा होता. तो म्हणाला, "आमचा विरोध बाईंना नाही. देह पुरायला आहे. त्यांचं क्रिमेशन होऊ दे, आणि राख तिथे ठेवू दे. आमच्याकडून कोणाचीच हरकत राहणार नाही." मागून सगळ्यांनी माना डोलावल्या. खोलीतला ताण एकदम उतरला. लोक हसायला लागले. एका आजोबांनी माझ्याकडे बघून हाताने ‘सुटला प्रश्न’ अशी खूण केली. आपल्या दृष्टीने याहून मोठं मन ते काय दाखवायचं? आपण आपल्या आईला, बापाला, सगळ्यांना तेच देतो.

इर्मा मला म्हणाली, "हा मला जाळायचं म्हणतोय का?"

काउन्सिलने तोच निर्णय दिला. फक्त राख. दगडावर फक्त तारीख. नवीन काही बांधायचं नाही.

मी तिच्या युनिटवर पोचले तेव्हा मनात अपिलाचा मसुदा तयार होता. कुठल्या मुद्द्यावर लढायचं, कोणत्या वर्तमानपत्राला गाठायचं, पत्रकाचा मथळासुद्धा सुचला होता. इर्माने सगळं ऐकून घेतलं.

"किती दिवस लागतील?"

"काही महिने."

"तुला भांडायचंय, पोरी," ती म्हणाली. "मला मरायचंय. दोन्ही एका वेळी जमणार नाही."

मग सांगायला लागली, की आमच्यातलं आजवर कोणी जळलेलं नाही. एका उन्हाळ्यात वणवा आला होता. कुंपणाशी अडकलेल्या गाई तिने आणि अर्नोल्डने नंतर खड्डा खणून पुरल्या होत्या. त्या हाताला कशा लागत होत्या ते तिने मला सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही. "देवाला राखेतून उठवता येत असेलच," ती म्हणाली. "पाद्री म्हणाला तसं. माझा देवाबद्दल प्रश्न नाहीये. माझा जाळण्याबद्दल आहे. तुम्ही लोक करता. सांग मला. काय होतं? मागे काय राहतं?"

आणि मला माहीत नव्हतं. वीस विषयांवर पत्रकं लिहिलेली मी, बाप गेला तेव्हा घराच्या उंबऱ्यापर्यंत गेले होते. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. यावरही मी एक पत्रक लिहिलंय. पण पाहिलेलं मी काहीच नव्हतं.

"ज्याने पाहिलंय त्याला घेऊन येते," मी म्हटलं.

हेमंतदा येणार नाही असं मला वाटलं होतं. तो आला. ऑफिसचे कपडे, गळ्यात ओळखपत्र तसंच. इर्माने वर साखरेचा चुरा भाजलेला जाड जर्मन केक कापून ठेवला होता. तो खुर्चीच्या कडेवर बसला. इर्माने त्याला माफी मागू दिली नाही.

"तू बापाला जाळलंस," ती म्हणाली. "कसं असतं?"

हेमंतदा म्हणाला, "आमच्या गावी मुलाने स्वतः अग्नी द्यायचा असतो. इथे तसं नसतं. पेटी सरकत आत जाते. बाहेर एक बटण असतं. ते मुलगा दाबतो."

"बटण."

"लिफ्टला असतं तसं. हिरवं."

"आणि तू दाबलंस."

"एकदा दाबून काही झालं नाही. तिथला माणूस म्हणाला, दाबून धरा, मेट. मग मी दाबून धरलं."

माझ्या डोक्यात तेव्हा एकही मथळा नव्हता.

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी फोन येतो. जाऊन डबा घ्यायचा."

"केवढा जड?"

"तान्ह्या बाळाएवढा," तो म्हणाला. "मला वाटलं होतं गरम असेल. गार होता. गाडीत कुठे ठेवावा कळेना. शेवटी पुढच्या सीटवर ठेवला आणि पट्टा लावला."

इर्मा हसली. "अर्नोल्ड असता तर त्यानेही पट्टाच लावला असता." मग म्हणाली, "आणि समुद्रात सोडलंस. कधी जातोस भेटायला?"

"समुद्रात कुठे जायचं?"

"जावंसं वाटतं?"

हेमंतदाने केकचा चुरा बोटाने गोळा केला. "तिथे पार्किंग मिळत नाही," तो म्हणाला. आणि मग डोळ्यांना हात लावला. इर्माने त्याच्या ताटलीत दुसरा तुकडा ठेवला.

निघताना त्याने तिला विचारलं, "मी काउन्सिलला लिहू? हरकत मागे घेतो म्हणून?" त्याने एकट्याने मागे घेऊन काही होणार नव्हतं, निर्णय लागला होता. हे त्यालाही माहीत होतं, शिकवलेलं मीच. इर्मा म्हणाली, "नको. मी राख होते. पण केतकी, त्यांनी खड्डा केवढा असावा ते लिहिलंय का?"

मी निर्णय काढून वाचला. हे माझं खरं काम. कागदात जे लिहिलेलं नाही ते वाचायचं. खोली किमान किती ते होतं. लांबी-रुंदीचा शब्द नव्हता.

"मग पूर्ण खणा," इर्मा म्हणाली. "माणसाएवढा."

ती ऑगस्टच्या गारठ्यात गेली. तिला शेवटचं भेटले तेव्हा ती झोपेत होती आणि मी जाकीट उशाशी नीट घडी करून ठेवण्यापलीकडे काही केलं नाही. क्लाइव्हने डबा आणला. कसा आणला, पुढच्या सीटवर की मागच्या, ते मी विचारलं नाही.

खड्डा हाताने खणावा लागला. मशीन त्या गडग्याच्या फाटकातून जाईना आणि गडगा पाडू देणार कोण? वर माती, हातभर खाली काळा दगड. क्लाइव्ह आणि त्याचा एक मित्र पहारीने फोडत होते. आवाज सगळ्या इस्टेटभर जात होता. समोरच्या घरांतले ब्लाइंड एकेक करून खाली आले. कोणीतरी काउन्सिलला फोन केला, की आमच्याशी दगा झाला, इथे देह पुरतायत. दुपारी तो अधिकारी हिरवट पिवळं जाकीट घालून धावत आला. खड्ड्याशी उभा राहिला. पूर्वेला पाय, पश्चिमेला डोकं, पुरता लांब, पुरता रुंद, तळाशी पाणी झिरपलेलं. आणि काठावर गवतात तो डबा.

"एवढा मोठा कशाला?" तो म्हणाला.

"उंच होती," क्लाइव्ह म्हणाला.

अधिकाऱ्याने हातातला कागद दोनदा वाचला. मग टोपी काढून एका बाजूला उभा राहिला.

पाद्रीने जर्मनमध्ये काहीतरी म्हटलं, मग इंग्रजीत. क्लाइव्ह आत उतरला आणि त्याने डबा ठेवला. कुठे ठेवायचा हे कोणी ठरवलं नव्हतं. डोक्याकडे? मध्ये? तो आत उभा राहून वर आमच्याकडे बघत होता. वरून कोणीतरी म्हणालं, "हृदयाशी ठेव." वळून बघितलं तर हेमंतदा. घरच्या चपलांमध्ये, फाटकाच्या आत दोन पावलं. त्याने तीन मुठी माती टाकली, मग फावडं घेतलं, आणि खड्डा भरेपर्यंत ते खाली ठेवलं नाही. एवढ्या खड्ड्यात डबा पहिल्याच फावड्याला दिसेनासा झाला होता. बाकी सगळी माती आम्ही रिकाम्या जागेवर टाकत होतो.

तो घरी गेला तेव्हा वृषाली ड्राइव्हवेवर बागेचा होस घेऊन उभी होती. त्या थंडीत तिने त्याला डोक्यापासून पायापर्यंत भिजवलं आणि मगच आत घेतलं. मुलगी खिडकीतून बघत होती. मी माझ्या गाडीत बसले आणि तशीच घरी आले.

इस्टेटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या रात्री मला बरंच ऐकावं लागलं. आपल्याच लोकांच्या विरोधात गेले वगैरे. गेले. पुन्हा जाईन. ज्यांना गावाकडच्या बारा पिढ्या तोंडपाठ आहेत, त्यांना समोरच्या बाईची एक पिढी सोसली नाही, याला मी दुसरा शब्द शोधणार नाही. दिवाळी आहे म्हणूनही नाही.

क्लाइव्ह दर वसंतात मातीची ढकलगाडी घेऊन येतो. त्यांच्यात ती रीत आहे. खालची पेटी कुजते, माणूस कुजतो, वरची जमीन खचते, म्हणून घरच्यांनी दर वर्षी भर घालायची. अर्नोल्डची जागा अजून थोडी बसते. यंदा मीही गेले होते. त्याने अर्नोल्डवर माती पसरली, फावड्याच्या पाठीने थोपटली, आणि उरलेली गाडी इर्माकडे वळवून तसाच थांबला. पहिल्या पावसात थोडी बसली होती ती माती. त्यानंतर बसलेली नाही. वर गवत आलंय, उंचवटा जसाच्या तसा.

"हिला काही लागत नाही," क्लाइव्ह म्हणाला. "खचायला खाली काही नाहीच."

तो गाडी परत घेऊन गेला, अर्धी भरलेली.